वाचकांचे प्रश्न : समुद्राचा निळा आणि म्हशीचा काळा

ॲक्रिलिक रंगांत कॅनव्हासवर काम करणाऱ्या वाचकांकडून या सदरासाठी प्रश्न मागवले होते. बेळगाव, खानापूर, निपाणी आणि कारवार या भागांतून आलेल्या पत्रांत दोनच विषय पुन्हा पुन्हा दिसले, एक जनावरांचा आणि दुसरा समुद्रकिनाऱ्याचा. आपल्याकडे गोठा घराला लागून असतो आणि घाट उतरला की काही तासांत समुद्र गाठता येतो, त्यामुळे हे साहजिकच आहे. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : आम्ही दिवाळीनंतर सहकुटुंब कारवारला गेलो होतो. तेथे मोबाइलवर काढलेल्या छायाचित्रांवरून मी समुद्राचे चित्र केले. पाणी निळे आणि फेस पांढरा रंगवला, तरी पाणी प्लॅस्टिकसारखे आणि फेस कापसाच्या बोळ्यांसारखा दिसतो. काय चुकले असावे? (एक गृहिणी, शहापूर, बेळगाव)

आपण पाणी निळे रंगवले ते बहुधा समुद्र निळा असतो या समजुतीने. छायाचित्र पुन्हा एकदा पाहा. कारवारच्या किनाऱ्याजवळ लाट फुटते तेथे तळाची वाळू ढवळली जाते आणि पाण्यात हिरवट, मातकट झाक येते. काळी नदी तेथेच समुद्राला मिळत असल्यामुळे पावसाळ्यात तर तेच पाणी चक्क तपकिरी होते. निळेपणा दिसतो तो दूरवर, क्षितिजाकडच्या पट्ट्यात, आणि तोही बराचसा आकाशाचा असतो. म्हणून ट्यूबमधला थॅलो ब्ल्यू तसाच लावू नये. हा रंग इतका जहाल आहे की टाचणीच्या डोक्याएवढा घेतला तरी मिश्रणावर ताबा मिळवतो. अल्ट्रामरीन या गडद निळ्यात यलो ऑकर हा मातकट पिवळा आणि किंचित बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी मिसळून पाहा. त्यात पांढऱ्याचे प्रमाण बदलत गेल्यास किनाऱ्यालगतच्या पाण्याच्या चार-पाच छटा सहज मिळतील.

आता लाटेकडे वळू. उठलेल्या लाटेचा माथा पातळ असतो आणि त्यातून मागचा उजेड आरपार येतो, त्यामुळे तो भाग उजळ आणि हिरवट दिसतो. खाली पाण्याची जाडी वाढत जाते आणि रंग गडद होतो. हा फरक दाखवला की लाट उभी राहते. त्यासाठी फेसाची गरजही लागत नाही. फेसाविषयी सांगायचे तर आपला समुद्र पश्चिमेला आहे, हे विसरू नये. संध्याकाळी किनाऱ्यावर उभे राहून पाहिले तर सूर्य लाटेच्या मागे असतो आणि लाटेची आपल्याकडची बाजू सावलीत असते. त्या बाजूचा फेस पांढरा दिसत नाही, तो राखाडी-जांभळा दिसतो. आपण पूर्ण फेसाला ट्यूबमधला पांढरा लावला असणार. आधी सगळा फेस अल्ट्रामरीन, थोडा बर्न्ट सिएना आणि भरपूर पांढरा यांच्या करड्या मिश्रणात रंगवून घ्यावा, तो वाळू द्यावा, आणि प्रकाश जेथे खरोखर पडतो तेवढ्याच चार-दोन जागी शुद्ध टायटॅनियम व्हाइट जाडसर ठेवावा. उजळ रंग राखून ठेवला तरच तो उजळ दिसतो.

ओल्या वाळूकडेही लक्ष द्यावे. लाट मागे गेली की मागे राहिलेली वाळू कोरड्या वाळूपेक्षा गडद दिसते, पण तिच्यावर आकाश उतरलेले असते. म्हणून आकाशासाठी केलेले मिश्रण फेकून न देता त्यात थोडा बर्न्ट अंबर, म्हणजे गडद तपकिरी, घालावा आणि ते ओल्या वाळूवर आडव्या हाताने पातळ ओढावे. आकाश आणि वाळू यांचे नाते जुळले की चित्रातली हवा एकच वाटू लागते.

चित्रात माणसे घातली असतील तर एक साधी कसोटी लावा. सपाट वाळूवर आपण उभे असलो की क्षितिज आपल्या डोळ्यांच्या उंचीवर असते. आपल्याइतक्याच उंचीची माणसे किनाऱ्यावर जवळ असोत वा दूर, त्यांचे डोळे त्याच रेषेवर आले पाहिजेत. दूरच्या माणसांचे फक्त पाय वर सरकतात. रांपण (किनाऱ्यावरून ओढायचे मासेमारीचे जाळे) ओढणाऱ्यांची रांग रंगवताना हे चुकले तर अर्धी माणसे वाळूत पुरल्यासारखी आणि अर्धी हवेत तरंगल्यासारखी दिसतात. तसेच पावसाळी समुद्रावर पांढऱ्या कुरव पक्ष्यांचे थवे घालू नयेत. कुरव आपल्या किनाऱ्यावर हिवाळी पाहुणे म्हणून येतात. आपण दिवाळीनंतर गेला होतात, तेव्हा आपल्या चित्रात ते जरूर शोभतील.

प्रश्न : आमच्या घरी दोन म्हशी आहेत. त्यांची चित्रे काढताना काळ्या रंगाने अंग भरले की चित्रात भोक पडल्यासारखे वाटते. पांढरा मिसळला तर म्हैस सिमेंटची वाटते. (एक शिक्षिका, खानापूर तालुका)

आपला प्रश्न मला फार मोलाचा वाटला, कारण म्हैस रंगवता आली की गडद रंगांचे अर्धे शिक्षण पूर्ण होते. ट्यूबमधला काळा काही दिवस बाजूला ठेवा. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर जवळजवळ समप्रमाणात मिसळले तर काळ्याच्या अगदी जवळचा रंग मिळतो, आणि त्याचा मोठा फायदा असा की तो हवा तसा वळवता येतो. निळा वाढवला की तो थंड होतो, अंबर वाढवला की उबदार होतो. म्हशीच्या अंगावर या दोन्ही गोष्टी एकाच वेळी दिसत असतात.

सकाळी दहाच्या सुमारास म्हैस तळ्यातून बाहेर येते तेव्हा तिच्याकडे नीट पाहा. तिच्या अंगावर केस विरळ असतात, त्यामुळे ओले कातडे चकाकते आणि पाठीच्या कण्यावर, पुठ्ठ्याच्या हाडावर आकाशाचा फिकट निळा पट्टा उमटतो. पोटाखाली मात्र लाल मातीवरून परतलेला उजेड पडतो आणि तेथे काळ्यात विटकरी झाक दिसते. मधला भाग खरा गडद असतो. तीच म्हैस दुपारी धूळ अंगावर घेऊन वाळली की तिच्यात निळा जवळपास उरत नाही आणि ती मातकट करडी दिसते. म्हणजे म्हशीचा रंग कोणता, या प्रश्नाचे उत्तर ती कोठे आणि कोणत्या वेळी उभी आहे यावर ठरते. पाठीवरच्या उजेडासाठी पांढऱ्याबरोबर निळा आणि पोटाच्या उजेडासाठी बर्न्ट सिएनाबरोबर अगदी थोडा पांढरा वापरलात तर सिमेंटचा रंग येणार नाही. सिमेंट दिसते ते केवळ काळा आणि पांढरा मिसळल्यामुळे.

काम करण्याचा क्रम असा ठेवावा. आधी सगळी म्हैस मध्यम गडद रंगात, पातळ थराने, फिकट आणि गडद असे दोनच भाग करून मांडावी. डोळे किलकिले करून पाहावे, किंवा मोबाइलवर चित्राचे छायाचित्र घेऊन ते कृष्णधवल करावे. त्यात आकार स्पष्ट ओळखू येत असेल तरच पुढे जावे. डोळा शेवटी रंगवावा. गाय, म्हैस, शेळी यांची बाहुली आडवी असते, माणसासारखी गोल नसते. शिवाय म्हशीचा डोळा इतका गडद असतो की बाहुली वेगळी दाखवण्यापेक्षा वरच्या पापणीची सावली आणि तिच्याखाली एक लहानसा निळसर ठिपका एवढे पुरते. पांढराशुभ्र ठिपका दिल्यास नजर भयचकित वाटते.

आपल्या म्हशी पंढरपुरी जातीच्या असतील तर शिंगांना जरूर वेळ द्यावा. ती तलवारीसारखी मागे जातात आणि खांद्याच्याही पलीकडे पोचतात, त्यामुळे चित्राची चौकट आधी शिंगांच्या हिशेबाने आखावी लागते. भीमगडच्या बाजूचा गवा रंगवू पाहणाऱ्या दुसऱ्या एका वाचकालाही हेच मिश्रण उपयोगी पडेल. त्यांनी फक्त गव्याच्या गुडघ्याखालचे पाय पिवळसर पांढरे असतात हे ध्यानात ठेवावे आणि तेथेही यलो ऑकर वापरावा.

प्रश्न : तैलरंगांच्या एका पुस्तकाप्रमाणे मी आकाशाच्या छटा एकमेकींत मिसळतो, पण एप्रिल महिन्यात हात फिरेपर्यंत रंग वाळतो. शिवाय दुसऱ्या दिवशी चित्र आदल्या दिवसापेक्षा गडद दिसते. (एक निवृत्त कर्मचारी, निपाणी)

तैलरंगांचे नियम येथे लागू पडत नाहीत, आणि यात आपल्या हाताचा दोष नाही. तेल हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून काही दिवसांत घट्ट होते. ॲक्रिलिकमधले पाणी उडून जाते आणि त्यात तरंगणारे प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून पापुद्रा तयार होतो, ज्याला उन्हाळ्यात काही मिनिटेच लागतात. पाण्यात मिसळणारे हे रंग चित्रकारांच्या हाती १९५० च्या दशकात आले, त्यामुळे जुन्या पुस्तकांत त्यांच्याविषयी मार्गदर्शन नसणे स्वाभाविक आहे. गडद होण्याचे कारणही त्याच कणांत आहे. ओला असताना हा द्रव दुधासारखा पांढुरका असतो आणि वाळल्यावर पारदर्शक होतो. पांढुरकेपणा गेला की रंग एक पायरी खाली उतरतो. यासाठी कॅनव्हासचा एक तुकडा जवळ ठेवून प्रत्येक मिश्रण त्यावर लावून वाळू द्यावे आणि मगच मोठ्या चित्रावर न्यावे.

आकाशासाठी कॅनव्हास आधी पाण्याच्या फवाऱ्याने किंचित दमट करावा, रुंद ब्रश घ्यावा आणि एका वेळी एकच पट्टा पूर्ण करावा. नारिंगी आणि निळा थेट एकमेकांत ओढले तर मधे गढूळ करडा तयार होतो, म्हणून त्यांच्यामध्ये फिकट गुलाबी पट्टा ठेवावा. रिटार्डर (रंग उशिरा वाळावा म्हणून मिसळायचे द्रव्य) बाटलीवर सांगितलेल्या प्रमाणापलीकडे घालू नये, नाहीतर थर चिकट राहतो. पॅलेटसाठी स्टीलचा पसरट डबा घेऊन तळाशी ओले सुती फडके घडी करून अंथरावे, त्यावर बटर पेपर ठेवून रंग काढावेत आणि काम थांबले की झाकण लावावे. रंग दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात. ब्रश मात्र क्षणभरही कोरडा ठेवू नये, कारण त्यात वाळलेले ॲक्रिलिक पाण्याने निघत नाही.

प्रश्न : जांबोटीकडच्या पावसात आमचे कॅनव्हास सैल पडतात आणि मागच्या बाजूला बुरशी धरते. महागडा कॅनव्हास टाळून मांजरपाट वापरला तर चालेल का? (दोन महाविद्यालयीन विद्यार्थी)

सरावासाठी मांजरपाट अवश्य वापरा. तो फ्रेमवर चारी बाजूंनी मधल्या भागापासून कोपऱ्यांकडे ताणत ठोकावा आणि त्यावर ॲक्रिलिक जेसोचे (रंग नीट धरावा म्हणून आधी लावायच्या अस्तराचे) दोन ते तीन पातळ हात, एक आडवा आणि एक उभा असे, द्यावेत. प्रत्येक हात वाळला की बारीक पॉलिश पेपर फिरवावा. पैसे वाचवण्यासाठी भिंतीची पुट्टी लावू नये. ती ताठ असते आणि कापड हलले की तडकते. ऑइल पेंटचा अस्तरही नको, कारण तेलकट पृष्ठभागावर ॲक्रिलिक धरत नाही. सैल पडलेला कॅनव्हास फ्रेमच्या आतल्या कोपऱ्यांत लाकडी पाचरी हलक्या हाताने ठोकून ताणता येतो. बुरशीचे मूळ भिंतीत असते. पावसाळ्यात चित्र भिंतीला चिकटवून ठेवू नये, मागे लहान ठोकळे लावून हवा खेळती ठेवावी. बुरशी धरलीच तर आधी चित्र कोरड्या हवेशीर जागी पूर्ण वाळू द्यावे आणि मग तोंडाला कापड बांधून घराबाहेर मऊ कोरड्या ब्रशने मागची बाजू झाडावी. ओल्या फडक्याने पुसल्यास ती पसरते.

प्रश्न : कर्नाटकी बेंदराला सजवलेल्या खिलार बैलाचा जवळून फोटो घेतला, पण त्यावरून केलेल्या चित्रात तोंड फार मोठे आणि मागचे अंग लहान झाले. (एक शेतकरी वाचक, चिकोडी तालुका)

मोबाइलची भिंग जवळची वस्तू फुगवते. बैलापासून पंधरा-वीस पावले मागे जाऊन झूम करून फोटो घ्या, म्हणजे अंगाचे प्रमाण खरे उतरेल. खिलारचे तोंड अरुंद आणि लांबट असते, शिंगे बुडाशी जवळ येऊन मागे आणि वर जातात. तोंड फुगले की जातच हरवते. मागच्या पायातला मागे वळलेला सांधा गुडघा समजून काढला जातो. तो खरा घोटा असतो आणि गुडघा वर, पोटाजवळ दडलेला असतो. पांढरे अंग रंगवताना वर फेसाविषयी लिहिलेलेच करावे. झूल, गोंडे आणि शिंगांवरच्या हुरमुंजाचा लाल सर्वांत शेवटी यावा, कारण तो शेजारच्या पांढऱ्यालाही रंग देतो आणि हे आधी समजत नाही.

प्रश्न : पूर्ण झालेले मोठे चित्र मुलीकडे पुण्याला एसटीने न्यायचे आहे. बबल रॅपमध्ये गुंडाळले तर चालेल का? (एक वाचक, बेळगाव)

थेट गुंडाळू नये. ॲक्रिलिकचा थर वरून वाळला तरी मऊच राहतो आणि उष्ण बसमध्ये दाब पडला की तो प्लॅस्टिकला चिकटतो. बबल रॅपच्या गोल खुणा चित्रावर कायमच्या उमटतात. वर्तमानपत्राची शाईही तशीच उतरते. चित्रावर आधी सिलिकॉन लावलेला बेकिंग पेपर पसरावा, त्यावर पुठ्ठा आणि मग बबल रॅप बांधावा. दोन चित्रे असतील तर रंगाची बाजू रंगाच्या बाजूवर ठेवू नये. फ्रेम काढून न्यायचे झाल्यास रंगाची बाजू बाहेर ठेवून रुंद नळीवर गुंडाळावे, म्हणजे थर ताणला जातो पण त्याच्या घड्या पडत नाहीत, आणि पोचल्याबरोबर ते उलगडून सपाट ठेवावे. व्हॉर्निश करायचे असेल तर ते पुण्यात फ्रेम परत चढवल्यावर, चित्र काही आठवडे वाळल्यानंतर करावे.