गॅदरिंगला कॅमकॉर्डर की मोबाईल? तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : माझी मुलगी चौथीत आहे, शाळेच्या गॅदरिंगला दरवर्षी नाचते. पालकांना बसवतात मागे, मागच्या वर्षी मोबाईलवर झूम करून काढलं तर सगळ्या मुलींचे चेहरे पांढरेफटक आणि भुरकट, गाण्याचा आवाज तर पार फाटलेला. दुकानदार १२० एक्स झूमचा हँडीकॅम दाखवतोय. घेऊ का?
— एक आई, सांगली

उत्तर : ताई, त्या १२० आकड्याकडे बघूच नका. तो डिजिटल झूम असतो, म्हणजे आहे तेच चित्र नुसतं ताणून मोठं करायचं. तुम्हाला हवाय ऑप्टिकल झूम, त्यात लेन्समधल्या काचा खरंच पुढेमागे सरकतात आणि लांबचा चेहरा जवळ आला तरी स्वच्छ राहतो. सोनीच्या सीएक्स४०५ सारख्या साध्या मॉडेललाही ३० एक्स ऑप्टिकल आहे, मागच्या रांगेतून तेवढा भरपूर झाला. उलट बाजारात फोरके लिहिलेले स्वस्त डबे मिळतात त्यातल्या बऱ्याच जणांना ऑप्टिकल झूम अजिबातच नसतो. दुकानातच तपासा, दारात उभं राहून समोरच्या दुकानाच्या पाटीवर कॅमेरा धरा, झूमचं बटण शेवटपर्यंत दाबा, आणि पाटीवरचा बारीक फोन नंबर वाचता येतो का बघा. चौकोन चौकोन दिसले तर निघून या.

पण एक गोष्ट दुकानदार सांगणार नाही ती सांगते. साध्या कॅमकॉर्डरचा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारा भाग, फार छोटा असतो, आत्ताच्या चांगल्या मोबाईलपेक्षाही छोटा, त्यामुळे अंधुक उजेडात चित्र दाणेदार येतं. स्टेजवर झगझगीत लाईट असतो म्हणून तिथे चालून जातं, पण घरात संध्याकाळी वाढदिवस शूट करायचा असेल तर तुमचा मोबाईलच बरा. म्हणून फक्त वर्षातून एक गॅदरिंग असेल तर विकत घेऊ नका, ओळखीत कोणाकडे तरी जुना हँडीकॅम कपाटात पडून असतोच, तो दोन दिवस मागून आणा. नाच, नाटक, क्रिकेटच्या मॅचेस असं वर्षभर लांबून काढायचं असेल तरच घ्या, आणि घेताना बाहेरचा माइक लावायची जागा आहे का ते बघा, सीएक्स४०५ ला ती नाही.

चेहरे पांढरे का झाले, तर मागचा पडदा काळा आणि मुलींवर स्पॉट, कॅमेरा सगळ्या चौकटीचा उजेड मिळून हिशोब करतो, त्याला वाटतं अंधार आहे, मग तो सगळंच उजळवतो. हँडीकॅममध्ये स्पॉटलाईट नावाचा मोड असतो तो लावा, मोबाईलवर काढणार असाल तर चेहऱ्यावर बोट दाबून ठेवा आणि उजेड थोडा खाली ओढा, काळा पडदा काळाच दिसू दे.

आवाज फाटतो कारण मागे बसलात तरी स्पीकरचा मोठा आवाज सरळ तुमच्याकडे येतो. एखाद्या मैत्रिणीला हॉलच्या मध्यावर, स्पीकरपासून लांब बसवा, तिच्या फोनवर फक्त आवाज रेकॉर्ड करा, आणि दोन्ही चालू झाले की एकदा जोरात टाळी वाजवा म्हणजे नंतर घरी एडिटिंगला ती टाळी जुळवली की सगळं जुळतं. आणि स्टँड न्याच ताई, एवढ्या झूमला हात श्वासाबरोबर हलतो. रंगारी भिंत रंगवतो तसा कॅमेरा इकडून तिकडे फिरवू नका, एक चौकट धरा, मनात दहापर्यंत मोजा, मग दुसरी. मी माझ्या भाचीच्या लग्नात तासन्‌तास मांडव आणि तोरणं काढत फिरले, आणि आमची आजी ओव्या म्हणत होती तिचे मिळून दहा सेकंद आहेत, तेही मध्येच कॅमेरा वळवलेला. आज ती नाही. माणूस बोलत असेल तेव्हा तुम्ही हलू नका.

प्रश्न : भाऊ दिवाळीला अमेरिकेहून येतोय, तिकडून कॅमकॉर्डर आणू म्हणतो. काही अडचण?
— वाचक, नाशिक

उत्तर : आहे, छोटी. तिकडचं मॉडेल सेकंदाला ३० किंवा ६० फ्रेम काढतं आणि आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे आपल्या ट्यूबलाईटखाली चित्र लुकलुकतं किंवा पट्टे येतात. शटर, म्हणजे एकेका फ्रेमला उजेड घ्यायचा वेळ, हाताने १/१०० सेकंदावर ठेवता येत असेल तर प्रश्न मिटला, म्हणून भावाला आधी एवढंच बघायला सांगा. चार्जरवर १००-२४० व्होल्ट लिहिलंय का तेही वाचायला सांगा, तसं असेल तर तो आपल्या विजेवरही चालतो.

प्रश्न : २००३ सालच्या मिनीडीव्ही कॅसेट आहेत, आमच्या लग्नाच्या आणि वडिलांच्या. कॅमेरा चालू होतो. कशा वाचवू?
— वाचक, चिपळूण

उत्तर : दादा, कोकणातल्या पावसात वीस वर्षं राहिल्यात, तेव्हा कॅमेऱ्यात घालण्याआधी प्रत्येक कॅसेट खिडकीपाशी नेऊन उजेडात तिरकी धरा. टेपच्या कडेवर पांढरट पूड दिसली तर ती बुरशी, अशी कॅसेट लावलीत तर कॅमेऱ्यातल्या टेप वाचणाऱ्या हेडवर ती बसते आणि तिथून पुढच्या चांगल्या टेपला लागते. त्या वेगळ्या ठेवा, साफ करून देणाऱ्याकडे द्या. बाकीच्या फायरवायर नावाच्या जुन्या प्रकारच्या केबलने कॉम्प्युटरवर घ्या, यूएसबीने नको, बऱ्याच कॅमेऱ्यांत तिथून बारकं चित्रच मिळतं. जुना, फायरवायर पोर्टवाला कॉम्प्युटर शोधावा लागेल. तासाच्या टेपला तासच लागतो आणि साधारण १३ जीबी जागा, घाई करता येत नाही. दुकानात दिलंत तर डीव्हीडी करून देतील, त्यात चित्र दाबलं जातं, म्हणून मूळ डीव्ही फाईलच हार्डडिस्कवर मागा.

आणि हे सगळं सुरू करण्याआधी, प्रत्येक कॅसेटच्या पाठीला एक इवलीशी सरकती खूण असते ती आजच सेव्हकडे सरकवून ठेवा, म्हणजे घरातल्या कोणी चुकून लाल बटण दाबलं तरी वडिलांचा आवाज पुसला जाणार नाही.