ओकारिना बेसूर वाजते, परत करू का?

प्रश्न: नमस्कार दादा, आम्ही परळला राहतो. लेकाने हट्ट करून ऑनलाइन १२ भोकांची मातीची ओकारिना (फुंकून वाजवायचं पोकळ वाद्य) मागवली, गेममध्ये बघून वेडा झालाय नुसता. मी थोडीफार पेटी वाजवते म्हणून सफेद एकचा (म्हणजे सी चा) सा धरून साथ करायला बसले तर याचे खालचे सूर चढे आणि वरचे उतरलेले! वाद्य खराब आलंय का, परत करू का? आणि सासरे म्हणतात की हा वारल्यांचा तारपाच आहे, खरं का? पावसात तर मध्येच आवाजच बसतो त्याचा.

उत्तर: ताई, परत करायची घाई नको. खाली चढा आणि वर उतरलेला म्हणजे बहुतेक वाद्य ठीक आहे, पोरगा सगळ्या सुरांना एकाच जोराने फुंकतोय. बासरीत भोक कुठे पाडलंय त्यावर सूर ठरतो, ओकारिनात तसं नाही, तिच्या पोटातली सगळी हवा एकदम कंप पावते, रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकल्यावर होतं तसं, आणि सूर ठरतो तो पोट केवढं आणि एकूण किती भोक उघडं यावर. त्यात फुंकीचा जोर वाढला की सूरही वर सरकतो. म्हणून खालच्या सा ला अगदी हलकी फुंक आणि वर जाताना हळूहळू जास्त. फोनवर ट्यूनर अ‍ॅप लावा, एकेक सूर लांब धरायला सांगा, काटा मधे थांबेपर्यंत पुढचा सूर नाही. तुम्ही पेटीवर सा धरून बसलात तरी चालेल, उलट कान लवकर तयार होतो. सगळ्यात वरचा सूर नुसता हवेसारखा फसफसत असेल तर हनुवटी जरा खाली घेऊन बघायची.

अजून एक, बासरीत जोरात फुंकून वरचं सप्तक मिळतं, इथे ते विसरा. तुमची नेहमीची आल्टो सी (सी सुरातली मधल्या आकाराची) असेल तर सफेद एकच्या सा ने खाली मंद्र (खालच्या सप्तकातला) ध आणि वर तार (वरच्या सप्तकातला) म, संपलं. पण तेवढ्यात भूप राग मस्त वाजतो आणि यमनही होतो, कारण यमन आपण मंद्र नी पासूनच उचलतो ना, नी रे ग, आणि तो मंद्र नी १२ भोकांतल्या त्या जास्तीच्या बारीक भोकामुळे मिळतो. जुन्या पद्धतीच्या १० भोकांच्या ओकारिनात सा च्या खाली काहीच नाही. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, बोट हळू सरकवून निघते, छान निघते.

सासरेबुवांना सांगा, तारपा वेगळा. त्यात दुधी भोपळा असतो आणि आवाज येतो आत बसवलेल्या, फुंकीने थरथरणाऱ्या पातळ पत्त्यांमधून (रीड), ओकारिनात पत्ती नाही, साध्या शिट्टीसारखी धारेवर हवा आपटते. पोकळ मातीची फुंकवाद्यं मात्र खूप जुनी, चीनचं अंड्याच्या आकाराचं शुन आहे, माया आणि अ‍ॅझ्टेक लोकांच्या मातीच्या शिट्ट्या आहेत. आजच्या ओकारिनाचा हा लांबट आकार १८५३ मध्ये इटलीत बोलोन्याजवळच्या बुद्रियोत जुझेप्पे दोनाती याने केला, तिथे ओकारिनाचं म्युझियमही आहे. आणि लेकाच्या डोक्यातलं वेड आलं १९९८ च्या निन्टेंडोच्या गेममधून, ते त्याला विचारा, तासभर बोलेल!

पावसाचं म्हणाल तर आवाज बसतो तो फुंकीच्या फटीत वाफेचं पाणी साचून. पातळ कागदाची पट्टी त्या फटीत हळूच सरकवून पाणी टिपून घ्या, सुई-टाचणी अजिबात घालू नका, धार गेली की वाद्य गेलं. खाऊन आल्यावर चूळ भरल्याशिवाय वाजवायचं नाही. वाजवून झालं की सावलीत उघडी ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून नको. आणि शाळेत मित्रांना दाखवायला न्यायची असेल तर सरळ एक प्लास्टिकची घेऊन द्या, मातीची गर्दीच्या लोकलमध्ये नेऊ नका.