जिन्यातली पिशवी आणि औषधाची चिठ्ठी

प्रश्न : आम्ही राजारामपुरीत भाड्याने राहतो. जिन्यात सापडलेली आमची कचऱ्याची पिशवी सोसायटीच्या सचिवांनी उघडली, आतल्या औषधाच्या चिठ्ठीवरून नाव शोधले आणि तिचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकून दंड मागितला. हे योग्य आहे का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : जिन्यात कचरा ठेवणे चूकच; ओला-सुका वेगळा करणे २०१६च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांपासून भाडेकरूंनाही बंधनकारक आहे. मात्र दंड सचिवांच्या मर्जीने ठरत नाही. त्याला उपविधींचा (सोसायटीच्या नियमावलीचा) आणि सर्वसाधारण सभेच्या निर्णयाचा आधार लागतो, आधी नोटीस द्यावी लागते, आणि सभासद घरमालक असल्याने ती सहसा त्यांच्याच नावे निघते (भाडेकरारात हा भार तुमच्यावर टाकला आहे का, तेवढे पाहा). कोणाचे औषधपाणी चारचौघांत मांडण्याचा अधिकार मात्र सचिवांना नाही. ग्रुपवरून फोटो हटवण्याची लेखी मागणी करून पोच घ्या; दाद न मिळाल्यास घरमालकांमार्फत सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तक्रार करा.