उपवास धरूनही वजन परत का चढतं?

"आठवड्यात तीन वार धरते ओ मॅडम, तरी वजन परत चढलं. माझी जीभच वाईट." वडगावात घरच्या मागावर बसणाऱ्या एका ताईंचं हे बोलणं. बेळगाव-खानापूर भागातल्या कितीतरी बायका असाच स्वतःला दोष देतात.

ताईंची उंची १५२ सेंमी, वजन ६२ किलो. १.५२ ला १.५२ ने गुणलं की २.३१, वजनाला त्याने भागलं की बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २६.८. भारतीयांत २३ पासून जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात, कारण आपल्याकडे मधुमेहाचा धोका कमी वजनावरच सुरू होतो. पण चरबी कुठे साठलीय ते बीएमआय सांगत नाही, त्याला टेपच लागते. ताई घरी परकराच्या नाडीने पडलेल्या वळावर, श्वास ओढून कंबर मोजायच्या: ८४ सेंमी. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड चाचपून दोन्हींच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर मोजलं तर ९१ भरले. बायकांनी ८० च्या आत राहावं.

उपवासाला दुपारी तीनपर्यंत नुसता चहा, मग साबुदाणा खिचडी, रात्री दहाला भात. दोन महिन्यांत ४ किलो उतरले आणि पुढच्या तिनांत ५ चढले.

यात जिभेचा काय दोष? चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं संप्रेरक (हार्मोन) सोडतात. चरबी घटली की लेप्टिनही घटतं, आणि मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला, म्हणजे भूक सांभाळणाऱ्या भागाला, वाटतं दुष्काळ पडला. जठरातून भूक चेतवणारं घ्रेलिन वाढतं. भुकेचा हा जोर महिनोन्‌महिने टिकतो. अपुऱ्या झोपेने तो आणखी वाढतो, आणि ताई रात्री बारापर्यंत मागावर असायच्या.

उपवास एका वारावर आणला, तोही शेंगदाणे आणि ताकावर. सकाळी नऊच्या आत वाटीभर मटकीची उसळ, एक ज्वारीची भाकरी. रात्रीचं जेवण आठला. दुसऱ्यांदा वाढून घेण्याआधी वीस मिनिटं थांबायचं, कारण पोट भरल्याचा निरोप आतड्यातून मेंदूला पोचायला तेवढा वेळ लागतो. ताईंना सगळ्यात जड गेलं ते हेच. पंगतीत तर जमलंच नाही. साखर, थायरॉईड, रक्तदाब डॉक्टरांकडून तपासून घेतले.

वजन रोज बघायचं नाही; दर चार आठवड्यांनी, सकाळी उपाशीपोटी. तीन महिन्यांनी काट्यावर ५९ आणि टेपवर ८७. ताईंनी आधी टेपचाच आकडा वहीत लिहून घेतला.