कर्नल अपडेट होताना लाईट गेली, आता लिनक्स चालू होत नाही. फॉरमॅट करावंच लागेल का?

नाही. तुम्ही लिहिलंय की गुहागरला घरच्या डेस्कटॉपवर उबंटू आहे, अपडेट अर्ध्यात असताना लाईट गेली, तेव्हापासून काळ्या पडद्यावर ‘कर्नल पॅनिक’ (लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, पुढे जाऊ शकत नसल्याचा संदेश) येऊन मशीन थांबतं आणि दुकानदार म्हणतो, ‘बूट उडालंय, फॉरमॅट करू.’ कौल फुटलं म्हणून कोणी घर पाडत नाही. तुमचे फोटो आणि हिशेब होम फोल्डरमध्ये आहेत, त्यांचा बूटशी, म्हणजे मशीन सुरू होण्याशी, काही संबंध नाही.

आधी मशीन नेमकं कुठे अडकतंय ते बघा. ‘ग्रब रेस्क्यू’ असं लिहून आलं तर ग्रबला, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामला, स्वतःची मॉड्यूल्सच (सुटे भाग) सापडत नाहीयेत. डिस्कचं पार्टिशन, म्हणजे कप्पा, हलवल्यावर हे होतं. नुसतं ‘ग्रब’ आणि पुढे कर्सर आला तर मॉड्यूल्स मिळाली, पण मेन्यूची फाईल नाही. कंसात ‘इनिटरामएफएस’ आलं तर कर्नल आणि इनिटआरडी (कर्नलला सुरुवातीला लागणाऱ्या ड्रायव्हरची फाईल) दोन्ही लोड झाले आहेत, फक्त उबंटू असलेलं रूट पार्टिशन माउंट होत नाहीये, म्हणजे जोडलं जात नाहीये. लाईट गेल्यावर हे फार दिसतं. वरच्या ओळींत ‘रन एफएससीके मॅन्युअली’ असेल तर तिथेच ‘एफएससीके -वाय’ (पार्टिशन तपासून दुरुस्त करणारी कमांड) आणि त्या ओळीत दिलेलं पार्टिशनचं नाव टाकून एंटर मारा, संपल्यावर ‘एक्झिट’. बरीच मशीनं एवढ्यावर उठतात.

तुमचं चौथ्या प्रकारातलं आहे. मेन्यू पार होऊन पॅनिक येतं म्हणजे ग्रब निर्दोष आहे. पॅनिकच्या वर ‘व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)’ असेल, तर नव्या कर्नलची इनिटआरडी फाईल बनलेलीच नाही किंवा अर्धवट बनली आहे. डिस्क, विंडोज, व्हायरस यातलं काहीही यात नाही.

देवगडच्या एका आंबा व्यापाऱ्याचं मशीन मी याच ओळीवर अडकलेलं पाहिलं आहे. ऐन मे महिना, वळवाचा पाऊस, दिवसातून पाच वेळा लाईट जाणार, आणि पेट्यांचा सगळा हिशेब त्याच मशीनमध्ये. तालुक्याच्या दुकानाने निकाल देऊन टाकला होता: हार्ड डिस्क गेली, नवीन एसएसडी घ्या, विंडोज टाकून देतो, जुना डेटा विसरा. काकांचा एकच प्रश्न, ‘अरे, माझो हिशेब गेलो काय?’ डिस्क उत्तम होती. डिस्कची तब्येत सांगणाऱ्या ‘स्मार्टसीटीएल -ए’ कमांडमध्ये रीअलोकेटेड सेक्टर (खराब म्हणून बदललेले तुकडे) शून्य. हे बघायला दोन मिनिटं लागतात. दुकानाने ती दोन मिनिटं दिली नव्हती.

उबंटू एकटंच असेल तर ग्रबचा मेन्यू लपवलेला असतो. म्हणून मशीन चालू करताना जुन्या बायॉसवर (मशीन सुरू करणारं मदरबोर्डमधलं सॉफ्टवेअर) शिफ्ट दाबून धरायची, यूईएफआय (त्याचं नवं रूप) असेल तर कंपनीचा लोगो जाताच एस्केप एकदाच मारायची. घाईत दोनतीनदा मारली की नुसता ग्रबचा कर्सर येतो. तिथे ‘नॉर्मल’ टाइप करून एंटर आणि लगेच एकदा एस्केप. मेन्यूत ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जाऊन आधीच्या आवृत्तीचं कर्नल निवडायचं, रिकव्हरी मोड लिहिलेलं नको. काकांचं मशीन जुन्या कर्नलवर तिथल्या तिथे उठलं. तुमचंही बहुधा उठेल. उठलं की आधी होम फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या, मग दुरुस्ती.

गंमत अशी की काकांचं मशीन बंद पडल्याचा दोष लाईटवर टाकून झाला होता आणि लाईटचा यात काही हात नव्हता. जागा दाखवणारी ‘डीएफ -एच /बूट’ कमांड दिली तर कर्नलच्या फाईलींचं /बूट शंभर टक्के भरलेलं. इन्स्टॉल करताना डिस्क एन्क्रिप्ट (पासवर्डने कुलूपबंद) केली की /बूट हे वेगळं छोटं पार्टिशन होतं. तिथे प्रत्येक कर्नलची एक इनिटआरडी बसते, ती सहज साठ-सत्तर एमबीच्या पुढे जाते, एनव्हिडियाचा ड्रायव्हर असेल तर आणखी फुगते. जुनी कर्नल साठत गेली, नवीन फाईल लिहिता लिहिता जागा संपली, ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ ही ओळ पडद्यावरून सरकून गेली आणि कोणी वाचली नाही. नंतर मशीन बंद पडलं ते लाईट गेल्यावर, म्हणून नाव लाईटचं.

अशा वेळी ‘एपीटी ऑटोरिमूव्ह’ अडून बसतं, कारण अर्धवट पॅकेज आधी पूर्ण करा म्हणतं आणि ते पूर्ण करायला जागा नसते. तेव्हा ‘यूनेम -आर’ने चालू कर्नल कोणतं ते बघायचं, त्याला हात लावायचा नाही. ‘डीपीकेजी -एल’ने बाकीची जुनी शोधायची आणि ‘डीपीकेजी --पर्ज’ला त्या एका आवृत्तीची ‘लिनक्स-इमेज’ आणि ‘लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा’ ही दोन्ही नावं एकदम द्यायची. एकटी इमेज काढायला गेलात तर एक्स्ट्रा तिच्यावर अवलंबून आहे म्हणून नकार मिळतो. जागा झाली की ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’, मग ‘अपडेट-इनिटरामएफएस -सी -के’ आणि पुढे नव्या कर्नलची पूर्ण आवृत्ती. इथे ‘-यू’ चालत नाही. ते असलेली फाईल नवी करतं, नसलेली बनवत नाही, त्यासाठीच ‘-सी’. शेवटी ‘अपडेट-ग्रब’. रीबूट केलं आणि काकांना हिशेबाची शीट उघडून दिली.

तुमच्याकडे जुनं कर्नलच उरलं नसेल तर लाइव्ह यूएसबी (पेनड्राइव्हवरून चालणारं उबंटू) लागेल. मशीन ज्या पद्धतीने इन्स्टॉल झालंय त्याच पद्धतीने यूएसबी चालू करा; लाइव्हमध्ये /सिस/फर्मवेअर/ईएफआय फोल्डर दिसलं तर यूईएफआय, नाहीतर जुनं बायॉस. ‘एलएसबीएलके -एफ’ने रूट पार्टिशन ओळखा, ते /एमएनटीवर माउंट करा, वेगळं /बूट असेल तर ते, मग ईएफआय पार्टिशन /एमएनटी/बूट/ईएफआयवर. त्यानंतर डेव्ह, प्रॉक, सिस आणि रन हे चार ‘--आरबाइंड’ने जोडा. रन विसरलात तर आत नेट चालत नाही, कारण उबंटूमध्ये डीएनएसची फाईल तिकडे बोट दाखवते. मग ‘सीएचरूट /एमएनटी’, म्हणजे डिस्कवरच्या उबंटूत शिरा, आणि आत वरच्याच कमांड. नेटसाठी मोबाईल केबलने टेदर करा. एन्क्रिप्टेड डिस्क उघडताना क्रिप्टटॅब फाईलमध्ये (कुलूपबंद पार्टिशनांची यादी) जे नाव आहे तेच द्या. दुसरं दिलंत तर नवीन इनिटआरडीत कुलपाची माहितीच जात नाही आणि पुढच्या बूटला परत तेच.

‘ग्रब-इन्स्टॉल’ची (ग्रब पुन्हा बसवणारी कमांड) गरज फक्त पहिल्या दोन प्रकारांत. जुन्या बायॉसवर ते पूर्ण डिस्कला द्यायचं, म्हणजे एसडीए, एसडीए१ला नाही. आणि हे सगळं उबंटू-डेबियनचं. फेडोरात इनिटआरडी ड्रॅकट बनवतं, आणि यूईएफआयवर तिथे ग्रब-इन्स्टॉल चालवायचंच नाही, ग्रब आणि शिम (ग्रबच्या आधी चालणारा छोटा प्रोग्राम) यांची पॅकेजं री-इन्स्टॉल करायची.

सोबत विंडोज असेल आणि पडद्यावर ‘एसबॅट’ आणि ‘सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन’ आलं तर तो वेगळा रोग: ऑगस्ट २०२४च्या विंडोज अपडेटनंतर असं अनेकांचं झालं. सिक्युअर बूट (सही नसलेलं सॉफ्टवेअर बूटला अडवणारी सेटिंग) तात्पुरतं बंद करून लिनक्समध्ये शिरा, शिम अपडेट करा, परत चालू करा.

एक राहिलं. आपल्या दमट हवेत जुन्या मदरबोर्डचा सीआर२०३२ सेल संपला की लाईट गेल्यावर बायॉस मूळ सेटिंगवर जातं. बूटचा क्रम बदलतो, साटा मोड (डिस्क जोडायची पद्धत) बदलू शकतो, आणि वाटतं लिनक्स उडालं. चालू करताना तारीख भलतीच दिसली तर आधी सेल बदला. इन्व्हर्टर असेल तर त्याचं बटण यूपीएस मोडवर ठेवा. साध्या मोडवर पंखा फिरत राहतो पण डेस्कटॉप रीस्टार्ट होतो.

डिस्क खरोखर खराब असू शकते, हेही मान्य. खरखर आवाज येत असेल, स्मार्टमध्ये पेंडिंग सेक्टर (नीट वाचता न येणारे तुकडे) दिसत असतील, तर वरचं काही करू नका, एफएससीके तर नाहीच. आधी ‘डीडीरेस्क्यू’ने प्रत काढा. पण ‘खराब आहे’ असं दुकानदार म्हणाला तर त्याला स्मार्टचा आकडा दाखवायला सांगा. आकडा न बघता फॉरमॅट सुचवणारा माणूस दुरुस्ती करत नाही, विंडोज टाकायचे पैसे घेतो. यावर माझे इथल्या दुकानदारांशी वाद झालेत आणि पुढेही होतील. मशीन तिथे द्यायचंच असेल तर डेटा आधी काढून घ्या आणि पावतीवर ‘फॉरमॅट करू नये’ असं लिहून घ्या.