क्राफ्ट आणि परदेशी बिअरला चौपट पैसे मोजावेत का?

आपण विचारले आहे की क्राफ्ट (म्हणजे छोट्या भट्टीत थोड्या प्रमाणात बनवलेली) किंवा आयात केलेली बिअर ही परमिट रूममध्ये मिळणाऱ्या नेहमीच्या बिअरपेक्षा खरोखरच चांगली असते, की चौपट किंमत नुसती नावाची असते. मी वाळूज औद्योगिक वसाहतीतील एका मोठ्या बिअर कारखान्याच्या गुणवत्ता प्रयोगशाळेत काही वर्षे नोकरी केली आणि पुण्यात राहायला आल्यावर क्राफ्ट बिअरही पुरेशी प्यायलो. त्या अनुभवावरून मी एवढाच सावध झालो आहे, की बाटली किती जुनी आहे आणि कोणकोणत्या उन्हातून आली आहे, हे मी देश आणि किंमत यांच्या आधी पाहतो.

प्रथम कारखान्याच्या बिअरविषयी, कारण तिच्याबद्दल उगाच नाक मुरडले जाते. आमच्याकडे रोज सकाळी अकराच्या सुमारास, जेवणापूर्वी, पाच-सहा जण चवीला बसत. रंगावरून कोणाचे मत बनू नये म्हणून नमुने गडद काचेच्या ग्लासांतून येत. वाइनचे परीक्षक घोट थुंकून टाकतात. बिअरचा मात्र गिळावा लागतो, कारण तिचा कडवटपणा घशाशी गेल्यावरच नीट कळतो. आम्हाला तिच्यात नवे काही सापडायला नको असे; ती कालच्यासारखीच असली पाहिजे, हीच कसोटी होती. सातूच्या माल्टबरोबर (मोड आणून वाळवलेल्या सातूबरोबर) तांदूळ किंवा मका घातला की बिअर हलकी आणि स्वस्त होते, पण त्याचबरोबर इतकी फिकी होते की तिच्यात दोष लपवायला जागाच उरत नाही. लातूरच्या आणि नागपूरच्या ग्राहकाला बारा महिने एकच चव देणे हे सोपे काम नाही. आपल्याकडे सर्वाधिक खपणाऱ्या, ५ ते ८ टक्के मद्यार्काच्या ‘स्ट्राँग’ बिअरची बाजू मात्र मला घेता येत नाही; ती चवीसाठी घेतली जाते असे तिचे चाहतेही म्हणत नाहीत.

येथे एक गैरसमज दूर करतो. बाटली पाण्याच्या ग्लासात उपडी धरून ‘बिअरमधले ग्लिसरीन काढण्याचा’ प्रयोग आपणही कोठे पाहिला असेल. पाण्यात उतरणारी ती तेलकट दिसणारी धार म्हणजे बिअरच असते. उरलेल्या शर्करेमुळे ती पाण्यापेक्षा किंचित जड असते, म्हणून खाली जाते. थोडे ग्लिसरीन यीस्ट स्वतःच किण्वनात (आंबण्याच्या प्रक्रियेत) तयार करते, मग बिअर कोणत्याही देशाची असो. आणि ते पाण्यात बाटली उपडी करून वेगळे होत नाही.

क्राफ्ट बिअरचे खरे देणे म्हणजे वैविध्य. पुण्यात २००९ मध्ये डूलाली ही मायक्रोब्रूअरी (जागेवरच बिअर बनवून विकणारी छोटी भट्टी) सुरू झाली, तोवर आपल्यापैकी बहुतेकांना बिअर म्हणजे पिवळी, पारदर्शक आणि थंडगार लागर एवढेच माहीत होते. लागरचे यीस्ट साधारण १० अंशांवर सावकाश काम करते, तर एल या दुसऱ्या प्रकारच्या बिअरचे यीस्ट २० अंशांच्या आसपास वेगाने काम करते आणि जाता जाता फळांचे व मसाल्यांचे वास मागे ठेवते. हेफेवायझन या जर्मन गव्हाच्या बिअरला पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, पण तिच्यात केळेही नसते आणि लवंगही नसते. ती सगळी करामत यीस्टची. बेल्जियमची विटबिअर मात्र खरोखरच धने आणि संत्र्याची साल घालून करतात. ही पद्धत तिथल्या हूगार्डन गावात बंद पडली होती, ती पिएर सेलिस यांनी १९६० च्या दशकात पुन्हा सुरू केली. अशा बिअरची किंमत कारखान्याच्या लागरशी ताडून पाहणे म्हणजे साध्या वरणाची तुलना पुरणाच्या कटाशी करण्यासारखे आहे.

तथापि ‘क्राफ्ट’ या शब्दाने दर्जाची हमी मिळत नाही. एका मायक्रोब्रूअरीत माझ्यासमोर आलेल्या ग्लासाला सिनेमागृहातल्या पॉपकॉर्नसारखा लोण्याचा वास येत होता. हा डायअसिटिल या पदार्थाचा दोष. किण्वनाच्या अखेरीस यीस्टला तो पदार्थ पुन्हा शोषून घ्यायला दोन-तीन दिवस दिले नाहीत की तो राहून जातो. मी तसे सांगितल्यावर वाढणाऱ्या मुलाने मोठ्या कौतुकाने ‘सर, हीच आमची खासियत आहे’ असे उत्तर दिले. आमच्या प्रयोगशाळेतून ती टाकी पुढे गेली नसती.

आता आयात केलेल्या बिअरविषयी. युरोपातून निघालेला कंटेनर न्हावाशेवाला यायला कित्येक आठवडे लागतात, त्यानंतर गोदाम, मग वाइन शॉपचे कपाट. उष्णतेत प्राणवायूची प्रक्रिया वेगाने होते, हॉप्सचा (बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या वेलीच्या फुलांचा) ताजा वास उडतो आणि ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. हिरव्या किंवा पारदर्शक बाटलीत तर प्रकाशामुळे हॉप्समधील घटक मोडून गंधकयुक्त, उग्र दर्प निर्माण होतो; तपकिरी काच यापासून बरेच संरक्षण देते. म्हणून ट्यूबलाइटखाली उभी असलेली हिरवी बाटली मी घेत नाही. गंमत अशी की इंडिया पेल एल (आयपीए) ही बिअर अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडहून जहाजाने हिंदुस्थानात येत असे आणि भरपूर हॉप्समुळे प्रवासात टिकत असे. आजची आयपीए मात्र ताज्या सुगंधासाठीच केलेली असते आणि तोच प्रवास तिला सोसत नाही.

प्रवास सोसणाऱ्या बिअरही आहेत. बेल्जियमच्या ट्रॅपिस्ट मठातील शिमे ब्लू ९ टक्क्यांची असते, तिच्या बाटलीत जिवंत यीस्ट असते आणि ती नीट ठेवली तर काही वर्षांनी अधिक गोलाईची लागते. तिच्यासाठी जास्त पैसे मोजायला माझी हरकत नाही. याउलट कार्ल्सबर्ग, टुबोर्ग, बडवायझर ही नावे परदेशी असली तरी आपल्याकडे त्या नावाने विकली जाणारी बिअर प्रामुख्याने भारतातच तयार होते, त्यामुळे ती ‘इम्पोर्टेड’ समजून घेण्यात अर्थ नाही.

मी स्वतः असे करतो: उन्हाळ्यात तहानेला गेल्या महिन्या-दोन महिन्यांत भरलेली साधी लागर घेतो आणि त्यासाठी बाटलीवरची उत्पादनाची तारीख वाचतो, मग दुकानदार कितीही वैतागो. गव्हाची बिअर आणि आयपीए जिथे टाकीतून थेट ग्लासात येते तिथेच पितो आणि पूर्ण ग्लास मागवण्याआधी चवीपुरती थोडी मागतो. बहुतेक ठिकाणी ती विनामूल्य देतात. फक्त एक विनंती आहे. चौपट पैसे देऊन घेतलेली एल ‘एकदम चिल्ड’ मागवू नका, कारण दोन-तीन अंशांवर जीभ बधिर होते आणि केळे, लवंग, धने यांपैकी काहीच कळत नाही. ग्लास दहा मिनिटे टेबलावर तसाच राहू द्या आणि मग प्या.