राजीनामा लिहूनच आणला होता

"मॅडम, कंपनीत कळलंय. त्यांनी काढायच्या आत मीच सोडतो." खिशातला चार घड्यांचा कागद त्यांनी टेबलावर ठेवला. राजीनामा होता. तारीख तेवढी घालायची राहिली होती.

हे दादा कुपवाड एमआयडीसीत पॅकिंगला आहेत (ओळख पटेल असे तपशील बदललेत). त्यांना एचआयव्ही आहे. रोज रात्री एआरटीची (एचआयव्ही आटोक्यात ठेवणाऱ्या औषधाची) एक गोळी, व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, तपासणीत सापडणार नाही इतका कमी, बायको निगेटिव्ह. बॅगेत गोळ्यांची डबी वाजू नये म्हणून तिच्यात कापूस भरायचे. तरी कुणीतरी पाहिलीच. सुपरवायझर म्हणाला, "तूच लिहून दे, गाजावाजा नको."

एचआयव्ही आहे म्हणून नोकरी जाते का, हे मला सारखं विचारलं जातं. नाही, तेवढ्यावरून कुणाला काढता येत नाही. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. काढायचंच असेल, तर या माणसापासून कामावर लागणीचा मोठा धोका आहे किंवा त्याला काम झेपत नाही, असं स्वतंत्र डॉक्टरने लेखी द्यावं लागतं. शिवाय त्याला सांभाळून घेणं का परवडत नाही, हे मालकानेही लिहून द्यायचं असतं. एकत्र डबा खाऊन, एका नळाचं पाणी पिऊन लागण होत नाही. पॅकिंगच्या कामाबद्दल असं कोण लिहून देईल?

पण हा कायदा काढणाऱ्याला अडवतो. तुम्ही आपल्या हाताने राजीनामा दिलात, की भांडायला जागा फार थोडी उरते. म्हणून त्यांना म्हटलं, "सही करू नका. काय ते लेखी द्या म्हणा." शंभर किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीत तक्रार अधिकारी नेमावा लागतो, आणि याच कायद्याखाली राज्याने नेमलेल्या लोकपालाकडेही दाद मागता येते.

"आणि केस झाली तर गावभर होईल की!"

खरी भीती ही होती. कोर्टात अर्ज करून नाव बदलून, बंद खोलीत सुनावणी मागता येते, हे मी सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले.

महिन्याने गोळ्या न्यायला आले. लेखी मागितल्यावर सुपरवायझरने विषय काढलेला नाही. डब्याला मात्र आता एकच मित्र सोबत बसतो. ते सांगताना त्यांचा आवाज बसला, आणि त्यावर माझ्याकडे कुठलं कलम नव्हतं. राजीनाम्याचा कागद अजून पाकिटात आहे म्हणाले. फाडून टाका, असं मी म्हटलं नाही.